सहज आल्यासारखी ये

"माझी वेळ आली का मले सांगजो, पोरी. लपवू नको."

तबिथाबाई हे बोलल्या तेव्हा त्या बशीरभाईंच्या सुतारशेडमध्ये एका शवपेटीपुढं मांडी घालून बसल्या होत्या. हातात छोटी हातोडी, मांडीवर बारीक चुकांची पुडी. पेटीला आतून पांढऱ्या लट्ठ्याचं कापड लावायचं काम चाललं होतं. सुवार्ता त्यांची सून. सहा महिन्यांची पोटुशी होती आणि त्यांना जेवायला बोलवायला आली होती. पेटीकडं बघायचंच नाही असं ठरवून ती कोपऱ्यातल्या सागाच्या फळ्यांकडं बघत उभी होती.

"काहीतरीच बोलता, आई. चला, भाकर थंड होऊन राह्यली."

"थंड खाईन. तू हो म्हण पह्यले."

"हो हो. चला आता."

असला हो माणूस दारावरच्या भाजीवालीलाही म्हणतो. सुवार्ता तो तिथंच विसरली.

आलापल्लीत ख्रिस्ती घरं तेव्हा जेमतेम चाळीस. तबिथाबाई मिशनच्या दवाखान्यात वीस वर्षं आया होत्या. तिथून सुटल्या तरी माणसाच्या शेवटाशी बसणं त्यांनी सोडलं नव्हतं. मंडळीत कोणी उठायचं नाही असं दिसलं की त्या जाऊन खाटेपाशी बसत आणि तीन सवाल विचारत. कोणाले माफ करायचं राह्यलं का? कोणाची माफी मागायची राह्यली का? भेव वाटते का? मग ज्याचं नाव निघेल त्याला बोलावून आणत, कधी हाताला धरून. दोघांचं बोलणं झालं की पाळक येऊन प्रभुभोजन देत, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा प्याला. नंतर माणूस गेलं की बशीरभाई पेटी करत आणि बाई तिला कपडा लावत. उशीत रंध्याखालच्या सागाच्या साली भरत. "डॉक्टर सुई देते, मी सवाल देतो," असं त्या म्हणायच्या.

लोक त्यांना वचकूनही असत. गल्लीच्या तोंडाशी बाई दिसल्या की गल्लीतल्या वारलूसारखा धट्टाकट्टा माणूसही विचारायचा, "बाई, आमच्याकडं नाई ना?"

"नाई रे. तुह्या बायकोच्या हातचा चहा प्यायला आली."

बशीरभाई तर तोंडावर विचारायचे. "बाई, तुमच्यासाठी सागाचं लाकूड राखून ठेवू का बीजाचं?"

"वाळवी लागणार नाई असं ठेव, बशीर. पुनरुत्थानापर्यंत टिकलं पाह्यजे."

पण याच तबिथाबाई गेली सहा वर्षं स्वतः प्रभुभोजन घेत नव्हत्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळात प्याला फिरायचा. त्या मागच्या बाकावर बसायच्या, प्याला हातात घ्यायच्या आणि ओठाला न लावता शेजारणीकडं द्यायच्या. कारण अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक लेक मार्था. तिनं राजुऱ्याच्या धम्मदीपशी नोंदणीचं लग्न केलं. तो बौद्ध घरातला, कोळसा खाणीत नोकरीला. दोघं पाया पडायला आले तेव्हा बाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुह्या पेटीले मी कपडा लावला, असं समज."

ज्या बाईनं गावातल्या पेट्यांना कपडा लावला तिच्या तोंडचं हे बोलणं. मार्था मागच्या पावली गेली ती गेली. बाईंचा राग वर्षभरात विरला, पण जाऊन भेटायचं अवसान काही होईना. जिच्याशी भांडण आहे तिच्याशी मिटवल्याशिवाय प्याल्याला तोंड लावायचं नाही, हा त्यांचा नेम. दुसऱ्यांना लावलेला नेम त्यांनी स्वतःलाही सोडला नाही.

शेडमधल्या त्या बोलण्याला वर्ष उलटलं आणि अठ्ठ्याण्णव सालच्या ऑक्टोबरात त्यांचे डोळे पिवळे झाले. सुवार्ता आणि तिचा नवरा शांतवन त्यांना चंद्रपूरला घेऊन गेले. दोन दिवस तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आईला बाहेर बसवून दोघांना आत बोलावलं. स्वादुपिंडात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती. कापण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मार्च निघेल असं वाटत नाही," डॉक्टर म्हणाले.

बाहेर बाकावर तबिथाबाई सुवार्ताच्या वर्षाच्या पोराला, जोएलला, मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काचेतून दिसत होतं, तो त्यांच्या बांगडीशी खेळत होता.

शांतवन म्हणाला, "तू सांग, काय करायचं ते. मले तर सुचतच नाई."

सुवार्ताला सुचलं ते तिच्या वडिलांचं. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना एका डॉक्टरनं त्यांना तोंडावर सांगितलं होतं. वडील घरी आले, भिंतीकडं तोंड करून झोपले, ते पुन्हा वळले नाहीत. आठ दिवसांत संपले. डॉक्टरनं सहा महिने म्हटलं होतं. ते उरलेले पाच महिने तीन आठवडे कोणी नेले, हे तिनं पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं होतं. शब्दानं माणूस मरतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मुळात ती काळजीनं भरलेली बाई. जोएल गाढ झोपला की नाकाशी बोट धरून बघायची. हिवतापाच्या दिवसांत मच्छरदाणीची चारही टोकं रोज तीनदा चाचपायची.

"कावीळ सांगू," ती म्हणाली.

बसमध्ये बाईंनी एकदाच विचारलं. अगदी सरळ, तिच्या डोळ्यांत बघून. "दुसरं तर काही नाई ना?"

"कावीळच आहे आई. जरा लांबेल. पथ्य केलं की जाईल."

बाईंनी मान हलवली. किती तरी खाटांशी बसलेली ती बाई, तिला कसं कळलं नाही, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. कळलं नाही, कारण सुवार्ता कधी खोटं बोलत नसे. शेजारणीकडं कौतुकानं सांगताना बाई हेच सांगायच्या. "शिकलेली आहे, पण तोंडातून खोटं नाई काढत."

मग सुवार्ता दारात उभी राहिली. दोन महिने ती जणू दारातच उभी होती. भेटायला येणाऱ्या बायकांना ओसरीवरच गाठून सांगायची, रडायचं नाही, स्वर्गाची गीतं म्हणायची नाहीत, प्रार्थनेत शांतीनं ने वगैरे नको, बरं कर असं म्हणा. मंगलीबाईनं एकदा आत जाऊन पदर डोळ्याला लावला तर हिनं दंडाला धरून तिला बाहेर आणलं. मंगलीबाई म्हणाल्या, "पोरी, मरणाची चोरी करून कुठी ठेवशीन?" सुवार्ताला ते फार लागलं. तिनं त्यांना चहाही विचारला नाही.

खुशाल पाळक नोव्हेंबरात आले. हातात ती ओळखीची काळी पिशवी होती, आत बशी आणि प्याला.

"आज नको, पाळकसाहेब."

"काऊन? बाई झोपल्या का?"

"जाग्या आहेत. तुम्ही हे घेऊन आत गेलात तर त्यांना सगळं समजेल. घरी प्याला आला म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत आहे?"

पाळकांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "सुवार्ता, त्यांले तयारी करू दे. जन्मभर दुसऱ्यांची केली त्यांनी."

"त्यांची तयारी झालेलीच आहे. त्यांच्याइतकं तयार कोण आहे या गावात?"

हे तिला खरंच वाटत होतं. बाईंची श्रद्धा तिनं पाहिली होती. सहा वर्षं परत दिलेला प्यालाही तिनं पाहिला होता, पण त्या दिवसांत तिच्या डोळ्यांपुढं फक्त भिंतीकडं तोंड केलेले वडील होते.

बाई मात्र अंथरुणात पडल्या पडल्या राजुऱ्याचंच बोलायच्या. जोएलला उभा करून त्याच्या डोक्याच्या वर वितीनं मोजायच्या. "चार वर्षांची पोरगी एवढी असन ना? खुशबू नाव ठेवलं म्हणे. खुशालनं सांगतलं." नात त्यांनी अजून पाहिली नव्हती.

"बोलवू का मार्थाताईंना?" सुवार्तानं एकदा भीत भीत विचारलं.

"नको. खाटेवर पडून बोलावलं तर म्हणन, बुढी मरणाले भेली, म्हणून बोलावून राह्यली. उठून बसली का मी जातो. माझ्या पायानं जातो, तिच्या दारात उभी राह्यतो. माझ्या दारातून गेली ना ती? मग मीच गेलं पाह्यजे. नाताळ होऊ दे, अंगात जीव येऊ दे."

यात बाईंचं काय चुकलं? काविळीच्या माणसाजवळ वेळ असतो.

सुवार्ता त्याच आठवड्यात एसटीडी बूथवर गेली. राजुऱ्याला मार्थाच्या शेजारी पिठाची गिरणी होती, तिथला नंबर शांतवनच्या वहीत होता. पाच मिनिटांनी मार्था धापा टाकत फोनवर आली. सुवार्तानं सगळं खरं सांगितलं. 

"मी उद्याच निघतो," मार्था म्हणाली.

"नको, ताई. ऐका ना. तुम्ही अशा एकाएकी आलात तर आईंना समजेल. सहा वर्षांत नाही आल्या आणि आता काऊन आल्या, म्हणतील. धीर सोडतील त्या. नाताळात या. सणाला म्हणून. सहज आल्यासारखी या."

"तवापर्यंत…?"

"डॉक्टरांनी मार्च म्हटलंय."

"ती मले येऊ देईन का पण? तिनं काय म्हटलं होतं, तुले माहीत आहे ना?"

इथं सुवार्ता सांगू शकली असती की त्या रोज तुमचंच बोलतात. तिनं सांगितलं असतं तर मार्था थांबली नसती. म्हणून ती एवढंच म्हणाली, "नाताळात या, सगळं नीट होईल."

"बरं. तू तिथी आहेस. तुले जास्त समजते."

डिसेंबरच्या एकोणीस तारखेला, शनिवारी, सकाळी बशीरभाई आले. नाताळासाठी देवळाचा दरवाजा दुरुस्त करायचा होता, जाता जाता बाईंना बघायला म्हणून डोकावले. सुवार्तानं त्यांनाही ओसरीवर पढवलं होतं. ते चांगले हसत आत गेले, खाटेशी स्टुलावर बसले. बाई तोवर अगदीच वाळल्या होत्या. रग अंगावर सपाट दिसायची.

"काय बाई, कधी येता शेडमध्ये? तुमच्याशिवाय माझ्या हातचं काम उघडंच दिसते."

"येतो ना. नाताळ होऊ दे."

बशीरभाई हसले. आणि हसता हसता त्यांची नजर खाटेच्या डोक्याकडून पायाकडं गेली आणि पायाकडून आडवी खांद्यांवर आली. क्षणभरच. चाळीस वर्षांची सवय. ज्याला त्यांचा धंदा ठाऊक नाही त्याला काही दिसलंही नसतं. पण तबिथाबाई त्या नजरेशेजारी पंधरा वर्षं बसल्या होत्या.

"बशीर," त्या म्हणाल्या, "काय मोजून राह्यला?"

बशीरभाई स्टुलावरून उठले. मग त्यांनी टोपी काढून डोळ्यांवर धरली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. "या अल्ला, माफ करो बाई, माफ करो," एवढंच ते म्हणत होते. म्हणत म्हणतच ते बाहेर गेले.

सुवार्ता जोएलला भरवत होती. हातातली वाटी तिनं खाली ठेवली.

"तुले माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"चंद्रपूरपासून."

बाईंनी बोटांवर मोजलं. ओरडल्या नाहीत. "दोन महिने," त्या म्हणाल्या. "दोन महिन्यांत मी राजुऱ्याले रांगत गेली असती, पोरी."

सुवार्ता खाटेच्या पायाशी बसली. तिच्या वडिलांचं, भिंतीचं, आठ दिवसांचं सांगावंसं वाटलं, पण ते आता कोणाच्या उपयोगाचं होतं? बाईंनी भिंतीकडं तोंड केलं नव्हतं. उलट त्या कोपरावर उठायचा प्रयत्न करत होत्या.

"मार्थाले बोलाव. आज. शांतवनले धाड फोनवर."

शांतवन धावत गेला आणि धावतच परत आला. मार्था दहाच्या बसनं निघत होती. राजुरा, बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, मग आलापल्ली. चार वाजेपर्यंत पोचेल.

"तिले माहीत होतं का, मी अशी आहे म्हणून?" बाईंनी विचारलं.

आता खोटं बोलायला सुवार्ताजवळ जागाच उरली नव्हती. "नोव्हेंबरात सांगितलं होतं मी. त्या दुसऱ्याच दिवशी निघणार होत्या. मीच नको म्हटलं."

बाई कोपरावरून तिच्याकडं वळल्या. मग वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "येतो म्हणाली होती?"

"हो, आई."

"एका बोलण्यात?"

"एका बोलण्यात."

त्यांनी आणखी दोनदा तेच विचारलं. दर वेळी सुवार्तानं तेच सांगितलं. बाईंच्या पिवळ्या डोळ्यांतून पाणी कानांकडं ओघळत होतं, आणि त्या तोंडानं हसतही होत्या. ते हसणं सुवार्ताला अजून सोसत नाही.

दुपारी खुशाल पाळक काळी पिशवी घेऊन आले. या वेळी कोणी अडवलं नाही. त्यांनी खाटेशी छोटं टेबल ओढलं, बशीत भाकर मोडली, प्याला भरला. बाईंनी हात वर केला.

"आता नाई. मार्था येऊ दे. दोघी घेऊ."

"बाई, ती वाटेवर आहे. तुमचं मन देव बघून राह्यला. देवाजवळ हे मिटलं."

"देवाशी मिटलं, मले माहीत आहे. पोरीशी नाई मिटलं. तिचं देणं देवाच्या हातानं कसं देऊ?" आणि मग हळूच, "एवढी सहा वर्षं थांबली ना? दोन घंटे थांबतो."

पाळकांनी प्याल्यावर रुमाल झाकला. तीन वाजून गेले, बस चारला येणार होती, म्हणून ते आणि शांतवन आधीच नाक्यावर जाऊन थांबले. घरात सुवार्ता, बाई आणि झोपलेला जोएल.

साडेतीनला बाईंना उलटी झाली. रक्ताचीच. सुवार्तानं डोकं मांडीवर घेतलं, तोंड पुसलं. एकीकडं ती ओरडून शेजाऱ्यांना हाक मारत होती, पण शनिवारचा बाजार होता, गल्ली रिकामी होती.

"ओरडू नको, पोरगा उठन," बाई म्हणाल्या. श्वास तुटत होता. "तिले सांग. ते पेटीचं… ते मी परत घेतलं. चुकली मी. मीच यायले पाह्यजे होतं. सांगशीन?"

"तुम्हीच सांगा आई, येऊन राह्यल्या त्या. आल्याच."

सवय. अजूनही तीच सवय. बाईंनी तिच्याकडं बघितलं आणि मान नाही अशी हलवली. सुवार्ता कळवळून म्हणाली, "सांगते, आई. सांगते. मला माफ करा."

त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. माफ केलं असा तो हात होता की नुसता आधाराला धरलेला, हे तिला कळलं नाही. विचारायला वेळ मिळाला नाही.

मार्था पाच वाजता आली. आष्टीच्या अलीकडं बसचा टायर गेला होता. धम्मदीप सोबत होता, त्याच्या कडेवर खुशबू. मार्था उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथं थांबली, जणू आतून कोणी ये म्हणेल. मग टेबलावरचा झाकलेला प्याला तिला दिसला. मिशनच्या आयाची मुलगी ती. त्याचा अर्थ तिला कोणी सांगावा लागला नाही.

दफन दुसऱ्या दिवशी झालं. पेटीला कपडा बशीरभाईंनीच लावला. कोपऱ्यांत चुण्या पडल्या होत्या.

माती देऊन आल्यावर सुवार्तानं मार्थाला चुलीपाशी एकटीला गाठलं आणि निरोप सांगितला. जसाच्या तसा, एकेक शब्द. 

"कोणी ऐकलं हे?"

"मी होते. दुसरं कोणी नव्हतं."

"दोन महिने तू तिले बरं वाटावं म्हणून बोलली," मार्था म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "आता मले बरं वाटावं म्हणून बोलून राह्यली. तुह्या तोंडाले चांगलंच येते सुवार्ता, पण मी त्याच्यावर कशी टेकू?"

"ताई, जोएलची शपथ…"

"पोराले मधात नको आणू."

सुवार्तानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. हा निरोप तिनं अक्षरशः खरा सांगितला होता, आणि तो ठेवायला कोणाच्या मनात जागा नव्हती. पाळक म्हणाले, मार्थाले मी समजावतो. त्यांनी समजावलंही, बाई प्याला झाकून तिचीच वाट पाहत होत्या हे सांगितलं. मार्था त्यांना म्हणाली, "ते पेटीचं परत घेतलं तवा तुम्ही नाक्यावर होते ना साहेब?" पाळक खोटं कसं बोलणार?

या गोष्टीला आता पाच महिने झाले. धम्मदीपचं एक पत्र आलं होतं. मार्था जेवत नाही, बोलत नाही, दार लावून बसते. खुशबूला त्याच्या आईनं, कमलाबाईंनी, आपल्याकडं नेलं आहे. त्याची खाणीतली पाळी बदलत राहते, घरी ती एकटी. सुवार्ता दोनदा राजुऱ्याला जाऊन आली. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा तिनं हाक मारली आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. ती जोएलला कडेवर घेऊन तासभर पायरीवर बसली आणि शेवटच्या बसनं परत आली. तिला आत घेतलं जाणार नाही, हे तिला समजलं आहे. ते बरोबरच आहे, असंही तिला वाटतं. पण घरात बसून ती दिवसभर मोजत असते, आज त्या बंद दाराआड कोणी चूल पेटवली असेल का.

तेव्हा तुमच्यापैकी कोणाचं राजुऱ्याकडं जाणं झालं तर एवढं करा. बाजाराच्या मागच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे, तिला लागूनच निळं दार. पाणी मागा, पत्ता विचारा, काहीही करा, पण ती उघडेपर्यंत थांबा. आलापल्लीचं नाव काढू नका, कोणाचा निरोप देऊ नका. तिनं काही खाल्लंय का बघा. नसेल खाल्लं तर थोडा वेळ तिच्याजवळ बसा.